‘पण’ लिहिण्याआधी

गिरणगावातल्या एका रात्रशाळेच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी मराठी शिकवते. वेळापत्रकात पहिला तास साडेसहाचा आहे, पण सात वाजेपर्यंत बाकं भरतच असतात. कुणी कुरिअरची शेवटची डिलिव्हरी टाकून येतो, कुणी भुलेश्वरच्या कापडदुकानातून सुटून, तर कुणी चार घरच्या पोळ्या लाटून. ‘तुमचं गाव कोणतं?’ या प्रश्नाला वर्गात ‘मुंबई’ हे उत्तर क्वचितच मिळतं. सातारा, संगमेश्वर, जालना अशी नावं येतात. एकाचं गाव आझमगढकडचं आहे, पण तो शिकला इथल्या म्युनिसिपाल्टीच्या मराठी शाळेत. त्याचं शुद्धलेखन बाकीच्यांपेक्षा बरं आहे.

२७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन असतो. कुसुमाग्रजांच्या फोटोला हार, दोन कवितांचं पाठांतर, मग चहा-बिस्कीट, हे दरवर्षीचं ठरलेलं. यंदा मी भित्तिपत्रकासाठी वेगळं काम काढलं. गाव सोडून आलेल्या माणसाची ओळख हा विषय, त्यावरच्या कवितांची तुलना, आणि लेख विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हातानं लिहायचा. हे काम महिनाभर चाललं आणि त्यातला बराचसा वेळ आणि, पण, तरी, म्हणून या शब्दांनी खाल्ला. तो कसा, ते सांगते.

कविता निवडायला फार वेळ लागला नाही. पहिली अण्णाभाऊ साठ्यांची ‘माझी मैना गावावर राहिली’. ही छक्कड (शाहिरी गाण्याचा एक प्रकार) परळ-लालबागमध्ये वेगळी शिकवावी लागत नाही. दुसरी नारायण सुर्व्यांची ‘माझे विद्यापीठ’, १९६६च्या त्याच नावाच्या संग्रहातली. या दोघांना समोरासमोर बसवण्याचा मोह जुनाच आहे. अण्णाभाऊ वाटेगावहून बापाबरोबर मुंबईत आलेले. सुर्वे मुंबईचेच, पण अनाथ; गंगाराम सुर्वे या गिरणी कामगारानं सांभाळलेले. पुढे गंगाराम निवृत्त होऊन कोकणात परतले आणि पोर मुंबईतच राहिलं. म्हणजे एकजण गाव सोडून आला आणि दुसऱ्याला गावाकडे जाणारी माणसं मागे सोडून गेली. सुर्वे पुढे पालिकेच्या शाळेत आधी शिपाई झाले आणि मग शिक्षक, हेही मी वर्गात आवर्जून सांगते. रात्रशाळेत या माहितीला वेगळं वजन आहे.

तिसरी कविता सुजाता भट्ट यांची. भट्ट यांचा जन्म १९५६चा, अहमदाबादचा. लहानपणीच त्या अमेरिकेत गेल्या आणि इंग्रजीत कविता लिहू लागल्या. मायबोली तोंडातच कुजून जाईल की काय, या भयाची त्यांची कविता १९८८च्या ‘ब्रुनिझेम’ या संग्रहात आहे. कविता इंग्रजीत आहे, पण मध्येच अख्खा गुजराती तुकडा येतो, आणि त्या ओळींचा उच्चार रोमन लिपीतही दिलेला आहे. भुलेश्वरला गुजराती मालकांकडे काम करणारी पोरं वर्गात असताना ही कविता न घेणं म्हणजे करंटेपणा झाला असता.

नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह हवा होता, पण तो मी मुद्दाम बाजूला ठेवला. त्याला स्वतंत्र महिना लागतो.

सुरुवातीला सगळ्यांनी जे लिहून आणलं ते गाईडच्या वळणाचं होतं. मध्ये उभी रेघ, डावीकडे ‘साम्य’, उजवीकडे ‘भेद’. ‘दोन्ही कवितांत मुंबई आहे आणि दोन्ही कवितांत गरिबी आहे.’ ‘अण्णाभाऊंना गावाची आठवण येते पण सुर्व्यांना येत नाही.’ या साच्याला परीक्षेत गुण मिळतात, म्हणून मी त्याला नावं ठेवत नाही. मात्र ही वाक्यं कविता न वाचताही लिहिता येतात. कवितांची नावं बदला, वाक्यं तशीच चालतील.

मग कुरिअरवाल्या मुलानं खराब झालेल्या पावत्यांचा गठ्ठा आणला. मागची बाजू कोरी. एका पट्टीवर एका कवितेबद्दलचं एक वाक्य, दुसऱ्या पट्टीवर दुसऱ्या कवितेबद्दलचं, आणि मध्ये ठेवायला छोट्या चिठ्ठ्या: आणि, शिवाय, किंवा, पण, परंतु, म्हणून, कारण, जरी-तरी, जर-तर. नियम एकच. मधली चिठ्ठी बदलली की ते वाक्य अजून खरं राहतं का, हे कवितेत बोट ठेवून दाखवायचं.

व्याकरण त्यांना नवं नव्हतं. उभयान्वयी अव्ययांचे, म्हणजे जोडशब्दांचे, दोन गट आठवी-नववीत पाठ केलेले असतात: प्रधानत्वसूचक आणि गौणत्वसूचक. पहिल्यात समुच्चय, विकल्प, न्यूनत्व आणि परिणाम. दुसऱ्यात स्वरूप, उद्देश, कारण आणि संकेत. पहिल्या गटानं जोडलं की संयुक्त वाक्य होतं, दुसऱ्यानं जोडलं की मिश्र. (‘संयुक्त’ म्हटल्याबरोबर मागच्या बाकावरून ‘महाराष्ट्र झालाच पाहिजे’ आलं. कधीतरी ते येतंच.) पण हे सगळं फक्त ‘ओळखा पाहू’ला कामी येणारं ज्ञान होतं. तुलनेत त्याचा काही उपयोग असेल, असं त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. गंमत अशी की खरा उपयोग तिथेच आहे. संयुक्त वाक्यात दोन्ही कविता एका पातळीवर बसतात. तुम्ही काही ठरवलेलं नसतं. मिश्र वाक्यात एक वाक्य मुख्य होतं आणि दुसरं त्याच्या आधारानं उभं राहतं. म्हणजे कोणतं वाक्य मुख्य करायचं, हे लिहिणाऱ्याला ठरवावंच लागतं.

हे फळ्यावर सांगून कुणाच्या गळी उतरलं नाही. ते उतरलं सुर्व्यांच्या कवितेवर.

ती कविता ‘ना घर होते, ना गणगोत’ अशी सुरू होते. पायाखाली चालता येईल तेवढीच जमीन, दुकानांचे आडोसे आणि फुकटात मिळालेली पालिकेची फुटपाथ. शेवटाला येता येता निवेदक म्हणतो, आता जगात आलोच आहे, तर जगायलाच हवं, ‘आपलेसे करायलाच हवे’. या दोन टोकांची दोन वाक्यं आम्ही पट्ट्यांवर लिहिली. ‘त्याला घर नव्हतं.’ ‘त्यानं हे जग आपलंसं करायचं ठरवलं.’ मध्ये ‘तरी’ ठेवलं:

त्याला घर नव्हतं, तरी त्यानं हे जग आपलंसं करायचं ठरवलं.

मग पट्ट्या उलट्या लावल्या:

त्यानं हे जग आपलंसं करायचं ठरवलं, तरी त्याला घर नव्हतं.

वर्गात थोडा गलका झाला. माहिती तीच, चिठ्ठी तीच, पण पहिलं वाक्य जिद्दीचं आणि दुसरं हरल्यासारखं. ‘तरी’नंतर जे येतं तेच मनात उरतं, हे संगमेश्वरच्या मुलीनं सांगितलं, मी नाही. तिनं लगेच पुढचा प्रश्न टाकला, “मॅडम, मग कवीला यातलं कुठलं पाहिजे?” यावर वह्या मिटून कविता पुन्हा वाचावी लागली. मला एवढंच हवं होतं. एका चिठ्ठीची जागा ठरवण्यासाठी पोरं स्वतःहून कवितेकडे परत जात होती.

परत गेल्यावर कुरिअरवाल्याला काहीतरी दिसलं. तो म्हणाला, ‘तरी’ चुकीचं आहे, तिथं ‘म्हणून’ पाहिजे. “घर नव्हतं म्हणूनच त्यानं जग आपलं केलं. घर असतं तर कशाला केलं असतं? मी गावाला घर आहे म्हणून इथं काहीच माझं करत नाही. खोलीत साधा खिळा ठोकत नाही.” तो लालबागला गाववाल्यांच्या खोलीत राहतो. एकाच गावचे पुरुष, पाळीपाळीनं झोपणारे, खाणं खानावळीत. गिरण्यांच्या काळापासूनची ही रीत अजून काही चाळींत टिकून आहे. फक्त आता तिथं पाळी गिरणीची नसते, वॉचमनची किंवा डिलिव्हरीची असते.

जालन्याचा मुलगा ऐकेना. त्याचं म्हणणं, कवीनं स्वतः तिथं कोणताही जोडशब्द लिहिलेला नाही. जगायलाच हवं, आपलंसं करायलाच हवं, ही वाक्यं सुटी सुटी उभी आहेत. ‘म्हणून’ लिहिलं की आपण कवीच्या तोंडात कारण घातलं. ‘तरी’मध्ये निदान कारणाचा दावा नाही. मला त्याचा मुद्दा व्याकरणाच्या अंगानं पटला आणि कुरिअरवाल्याचा जगण्याच्या अंगानं. मी निकाल दिला नाही. शिक्षिकेनं निकाल दिला की वर्गातली चर्चा तिथंच संपते, हा माझा अनुभव आहे. ते दोघे एकाच बसनं जातात. बसमध्येही वाद चालू होता, असं नंतर कळलं.

अण्णाभाऊंकडे आलो तेव्हा सगळ्यांच्या हाताशी ‘पण’ होता. ‘गावाला प्रेम पण मुंबईत हाल’ असं काहीतरी जवळजवळ प्रत्येकाच्या पट्टीवर. ‘पण’बद्दल माझं मत जरा कडक आहे. तुलना लिहिणाऱ्याला तो फार स्वस्तात मिळतो. दोन गोष्टी वेगळ्या आहेत एवढंच तो सांगतो, आणि वेगळ्या तर त्या असतातच. नाहीतर दोन कविता कशाला असत्या! म्हणून आठवडाभर ‘पण’ची चिठ्ठी मी माझ्या पर्समध्ये ठेवली. ज्याला ती हवी असेल त्यानं आधी दुसरी चिठ्ठी का चालत नाही ते सांगायचं.

‘पण’ नसल्यामुळे गाणं नीट वाचावं लागलं. गाण्यातला माणूस पहाटे निघतो. भाकरतुकड्याची बांधाबांध होते. मैना त्याला गावदरीपर्यंत घालवायला येते आणि तो तिला हसवायला शिंदेशाही तोड्यांची, कोल्हापुरी साजाची आश्वासनं देतो. मुंबईत त्याच्या खिशात पैसे नाहीत, पावसाचं पाणी आहे. एका छत्रीची वाण, म्हणजे उणीव, आहे. दागिन्यांची यादी आणि छत्री यांच्यात गाण्यानं ‘पण’ घालून विरोध दाखवलेला नाही. आधी तोडे, नंतर छत्री, एवढंच. विरोध ऐकणाऱ्याला आपोआप कळतो.

आणि पुढे हे गाणं स्वतःच तुलना करतं. गावाकडे मैना आहे, तिची भेट नाही, ‘तीच गत’ खंडित महाराष्ट्राची झाली, असं म्हणत ते बेळगाव, कारवार, निपाणीवर येतं. अमर शेख आणि गवाणकरांबरोबर अण्णाभाऊंनी १९४४ साली लालबावटा कलापथक उभं केलं होतं, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत हे शाहीर रस्त्यावर होते. एका माणसाची ताटातूट आणि एका भाषेच्या मुलखाची ताटातूट या दोन गोष्टी ‘तीच गत’ या दोन शब्दांनी त्यांनी जोडल्या. व्याकरणाच्या पुस्तकात हे उभयान्वयी अव्यय नाही. काम मात्र तेच करतं, आणि ‘ज्याप्रमाणे-त्याप्रमाणे’पेक्षा जोरात करतं. मुलांनी विचारलं, मग आम्ही असं काही वापरलं तर चालेल का? चालेल म्हटलं. नुसतं ‘मात्र’ घ्या. व्याकरणाच्या पेपरात ते शब्दयोगी अव्यय म्हणून गुण मिळवून देतं, पण तुलनेच्या वाक्यात बेमालूम सांधा जुळवतं.

वर्गात साताऱ्याकडच्या एक ताई आहेत. नवरा माथाडी कामगार, आधी तो मुंबईत आला. ताई बऱ्याच वर्षांनी आल्या. मुलं मोठी झाल्यावर आता अकरावीला बसल्या आहेत. त्या चर्चेत फारशा बोलत नव्हत्या. पट्ट्यांशी त्यांचं जमेना. अक्षर मोठं, एका पट्टीवर वाक्य मावत नाही. त्या संध्याकाळी मात्र त्यांनी विचारलं, “ही मैना बोलते का हो कुठं?”

शोधलं. मैना मनात खचते, डोळ्यांत रुसते, गालात हसत नाही, हात उंचावून उभी राहते. तिच्या तोंडी वाक्य काही सापडेना. ताईंनी मग पावती बाजूला सारून वहीतच लिहिलं: ‘गाणं मैनेचं आहे, तरी बोलतो तो एकटाच.’ खाली आणखी एक ओळ: ‘सुर्व्यांच्या कवितेत मागे कुणी राहिलेलंच नाही, म्हणून तिथं कुणी गप्पही नाही.’

दोन कविता, दोन जोडशब्द, दोन्ही आपापल्या जागी. स्थलांतराच्या कवितांवर मी पदव्युत्तर वर्गात टिपणं काढली होती. गप्प कोण आहे, या बाजूनं त्या दोन कवितांकडे मी कधी पाहिलं नव्हतं. ताईंनी त्या वेळी आणखीही सांगितलं: नवऱ्याची पत्रं यायची, त्यात ‘इकडील सर्व ठीक’ असायचं, त्यांनी काय लिहावं हे मात्र पत्र लिहून देणारा दीर ठरवायचा. ते लेखात घालू का, असं मी विचारलं. “नको,” म्हणाल्या, “ते घरचं आहे.” इथे लिहिण्याआधी पुन्हा विचारलं, तेव्हा म्हणाल्या, नाव नाही ना घालत, मग लिहा.

सुजाता भट्टांची कविता शेवटी घेतली. इंग्रजी ओळी मी मराठीत सांगत गेले. तिची बांधणी ऐकायला सोपी आहे. सुरुवातीला सगळं ‘जर’वर चालतं: जर तुमच्या तोंडात दोन जिभा असत्या, जर पहिली हरवली असती, जर परक्या बोलीच्या मुलखात राहावं लागलं असतं. ‘जर-तर’ हे संकेतबोधक. काही घडलेलं नाही, नुसती अट घातली आहे. मग मायबोली कुजते, थुंकून टाकावी लागते. टाकली असं वाटतं. आणि तिथं एक ‘पण’ येतो: पण रात्री, स्वप्नात. त्यानंतर इंग्रजी थांबते आणि गुजराती सुरू होते.

गुजराती ओळी मी वाचल्या नाहीत. भुलेश्वरवाल्या मुलाकडे कागद दिला. त्याला गुजराती लिपी येत नाही, बोलणं मात्र मालकाच्या घरच्यासारखं येतं. रोमन अक्षरांवर बोट फिरवत तो वाचत गेला. ‘परंतु रात्रे स्वप्नामां’पाशी आला आणि वर्गच म्हणाला, “परंतु!” एकाच वळणावर कवयित्रीनं तो शब्द दोनदा घेतला आहे, एकदा इंग्रजीत आणि लगेच गुजरातीत. आमच्या पर्समध्ये अडकवलेला ‘पण’ तिच्या कवितेत सगळा भार पेलून उभा होता. त्याच्या अलीकडे भाषा मेलेली, पलीकडे तिला पुन्हा कोंब फुटलेले. मी ‘पण’ची चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. अशा कामाला तो हवाच.

मग तिन्ही कविता एकत्र आणायचा प्रयत्न झाला आणि तो बहुतांशी फसला. तीन पट्ट्या एका ओळीत लावल्या की ‘आणि’शिवाय काही टिकत नाही. माझ्या मते तीन कवितांची तुलना एका वाक्यात करायचा हट्टच धरू नये. दोन-दोनच्या जोड्या लावाव्यात. अण्णाभाऊ आणि भट्ट ही जोडी अनपेक्षितपणे जमली. आझमगढवाल्यानं लिहिलं: ‘मैना भेटत नाही, भाषा मात्र रात्री परत येते, कारण मैना गावाला राहते आणि भाषा तोंडात.’ वर्गानं टाळ्या दिल्या. ‘कारण’ला पुरावा दाखव म्हटल्यावर त्यानं दोन्ही कवितांतली जागा दाखवली. त्याच्या घरी भोजपुरी बोलतात. त्याबद्दल मी काही विचारलं नाही, त्यानंही काही सांगितलं नाही.

लेख पक्का करताना काही नियम मी सोडून दिले. ‘तर’चा गाईडमधला वापर, म्हणजे ‘अण्णाभाऊ मागे बघतात, तर सुर्वे पुढे बघतात’, हा मला बोर्डाच्या उत्तरपत्रिकेसारखा वाटतो. दोन मुलांना तो फार आवडला होता, तेव्हा राहू दिला. संगमेश्वरची मुलगी प्रत्येक परिच्छेद ‘परंतु’नं सुरू करत होती, तिच्याशी जरा वाद घालावा लागला. संपाचा उल्लेख हवा, असं एकानं सुचवलं. त्याचे आजोबा १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या गिरणी संपात होते, अडीच लाख कामगारांपैकी एक, आणि नंतर गावी परतले ते कायमचे. तिन्ही कवितांत तो संप येत नाही, येणारही नाही. सगळ्या त्याच्या बाहेरच्या. तरी समासात त्यानं आजोबांच्या गिरणीचं नाव लिहिलं आणि मी ते खोडलं नाही.

परीक्षेत असं लिहिलं तर गुण मिळतील का, हा प्रश्न आलाच. मी स्पष्ट सांगितलं: तपासणाऱ्याला वेळ कमी असतो, साम्य-भेदाचा सांगाडा ठेवा, पण प्रत्येक मुद्द्यात निदान एक मिश्र वाक्य घाला. तपासणारा तिथं थांबतो. मीही बोर्डाच्या उत्तरपत्रिका तपासते, त्यामुळे हे ठाऊक आहे.

२७ फेब्रुवारीला लेख फलकावर लागला. ताईंच्या दोन ओळी मथळ्याखाली मोठ्या अक्षरात. सुर्व्यांच्या वाक्यावर एकमत शेवटपर्यंत झालं नाही, त्यामुळे तिथं जागा मोकळी सोडून ‘म्हणून’ आणि ‘तरी’ अशा दोन चिठ्ठ्या लावल्या आणि एक लाल टाचणी ठेवली. ज्याला जे पटेल त्यानं ते टोचावं. बाकीच्यांनी एकदोनदा टोचून सोडून दिलं. त्या दोघांनी सोडलं नाही. कुरिअरवाला येताना ती ‘म्हणून’वर न्यायचा, जालनावाला सुटताना ‘तरी’वर आणायचा. मार्चमध्ये बैठक व्यवस्थेचे कागद लावायला फलक रिकामा करावा लागला. त्या दिवशी टाचणी ‘म्हणून’वर होती. जालनावाला म्हणतो, त्या आठवड्यात त्याची रात्रपाळी होती म्हणून.